आधी गेलेले, मग आलेले

माघ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला, सकाळच्या प्रहरी आमच्या गावच्या चावडीपुढे धोंडभट जोशी या म्हाताऱ्या माणसावर अन्याय झाला. त्यांचं पागोटं उतरवलं. त्यांना उन्हात उभं केलं. आणि आजपासून गावात फेरा घालायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, असा हुकूम सुनावला. गुन्हा काय? त्या दिवशी पूर्वी काय काय घडलं होतं ते त्यांनी सांगितलं. एकच गोष्ट सांगायची ताकीद होती, त्यांनी सगळ्या सांगितल्या. रंगपंचमीला ते वारले. मी याला खून म्हणतो. ज्याला हा शब्द टोचेल त्याने हे पत्रक इथेच खाली ठेवावं.

जोशीबुवा, आता तुमच्याशी बोलतो.

ही सुरुवात तुम्हाला आवडली नसती. माझं पहिलं पत्रक वाचून तुम्ही म्हणाला होतात, "खंडू, तुझं पत्रक दारातनंच ओरडत येतंय रे. जरा आत यावं, पाणी प्यावं, मग भांडावं. काय बिघडतंय?"

मी म्हणालो होतो, "पाणी तुमी पिता का आमच्या घरचं?"

तुम्ही पत्रकाची घडी घातलीत. मग हळूच म्हणालात, "हे मात्र दारातनंच बोललास ते बरं केलंस."

तेव्हापासून आपलं जमलं. जमलं म्हणजे भांडण जमलं.

ज्यांनी तुमचा फेरा कधी ऐकला नाही त्यांना कसं सांगू? ग्रामजोशी गावोगाव आहेत. सकाळी तिथी सांगतात, वार सांगतात, नक्षत्र सांगतात आणि पुढच्या दारी जातात. तुम्हीही ते सांगायचात, पण घाईनं, नाक्यावर कागद दाखवून सुटावं तसं. तुमचा खरा आवाज त्यानंतर लागायचा. वेशीपाशी एकदा, मारुतीपुढे एकदा, कुंभारआळीच्या तोंडाशी एकदा, देशमुखांच्या दरवाजापुढे एकदा. "आजच्या दिवशी तुका कुंभाराची आई गेली. आजच्या दिवशी मानमोडीच्या साथीत सुताराची दोन्ही पोरं गेली. आजच्या दिवशी वरल्या विहिरीला पाणी लागलं. आजच्या दिवशी गंगू जन्मली, सिरसाळ्याला सासरी हाय, सुखी राहो."

बस. एवढंच. भविष्य नाही, दक्षिणा नाही, ग्रहशांत नाही. कुणी विचारलं की बुवा, यंदा पाऊस कसा, तर तुम्ही म्हणायचात, "पुढचं पोथी सांगते, मागचं मी सांगतो. पोथी चुकली तर पोथीला विचारा."

गावात नवी सून आली की तुम्ही तिला दारात उभी करून विचारायचात, बाई, तुझा जन्म कधीचा? आईची आठवण काय? सासू तोंड वाकडं करायची. पण वर्षाच्या आत एका सकाळी तिला गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं नाव ऐकू यायचं, माहेरच्या गावासकट. मी एका सुनेला सड्याचं पाणी हातात तसंच धरून उभी राहिलेली पाहिलीय. पाणी बोटांमधून गळून गेलं, तिला पत्ता नव्हता. सासरच्या गावात त्या दिवसापर्यंत तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

आणि तुमचा नेम: आधी गेलेले सांगायचे, मग आलेले. मरण आधी, जन्म नंतर. मी विचारलं, असं कावून? मला वाटलं काहीतरी शास्त्र सांगाल. तुम्ही म्हणालात, "फेरा मरणावर थांबवायचा नाही. लोकांना दिवसभर कामं असतात."

मी नगराहून परत आलो तेव्हा हे सगळं मला थोतांड वाटायचं. तिथे छापखान्यात खिळे जुळवता जुळवता पत्रकं लिहायला शिकलो होतो. आपल्या मुलखात असलं छापायची सोय नाही, म्हणून तिकडे छापायचं आणि घोंगडीच्या गुंडाळीत घालून हद्दीच्या कड्यावरून इकडे आणायचं. नाक्यावरचे शिपाई घोंगडीला हात लावत नाहीत, मेंढरांचा वास येतो म्हणून. आमच्या धनगर जातीचा एवढा एक फायदा. असा मी, नव्या विचाराचा माणूस, मारुतीच्या पारावर चार लोकांसमोर तुम्हाला म्हणालो, "जोशीबुवा, तुमी सांगता म्हणून दिवसाला किंमत. दिवस सगळे सारखेच. रिकामी पोती. त्यात तुमी वाटेल ते भरता."

"रिकामा दिवस दाखव," तुम्ही म्हणालात.

मी मुद्दाम अडचणीचा शोधला. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. सणाचा दिवस सगळ्यांना आठवतो, आदला दिवस कुणालाच आठवत नाही. तुम्ही डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले. पारावरची माणसं खोकायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बुवा, झोप लागली का?" तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "नाही माझ्याकडे."

मी जिंकलो होतो. पारावर हशा झाला. तुम्ही काठी उचललीत आणि निघालात, आणि मला वाटलं म्हातारा रागावून घरी गेला.

तुम्ही घरी गेला नव्हतात. तुम्ही दार ना दार हिंडत होतात. मार्गशीर्षातली पंचमी, सटीच्या आदल्या दिवशी काय झालं? कुणी जन्मलं? कुणी गेलं? गाय व्याली, भिंत पडली, काहीही? देशमुखांच्या घरी विचारलंत, तांबोळ्याला विचारलंत, येसकराला विचारलंत. सगळं गाव नाही म्हणालं. मग गावात विचारायचं एकच ठिकाण राहिलं. ओढ्यापलीकडची आमची वस्ती.

तुम्ही उभ्या जन्मात ओढा ओलांडून आमच्याकडे आला नव्हतात. तुमचा फेरा वेशीबाहेर पडत नव्हता. आमच्यात कुणाचा दिवस गावात सांगितला जात नव्हता. आमचे लोक मेले काय, जन्मले काय, चंद्र तोच आणि सूर्य तोच. हे मी तुम्हाला पारावर सुनावणारच होतो, पण तुम्ही माझ्या आधी माझ्या दारात पोचलात, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, धापा टाकत.

आईनं घोंगडी अंथरली. तुम्ही बसलात. लोकर सोवळ्यात चालते, म्हणून बसलात. मी बोललोच, "घोंगडी चालतीया, घोंगडीवाले चालत न्हाईत." आई मला म्हणाली, "गप बस बे, पाव्हणा आलाय."

तुम्ही तिला विचारलंत. ती जराही थांबली नाही. म्हणाली, "सटीच्या आदल्या दिशी? आमी हितं पाल टाकलं की. दुसऱ्या दिशी तळी भरायची, म्हून सासरा म्हणला, वाटंवर कशी भरायची तळी, हितंच टाका पाल. तवापासून हितंच हाव."

आमच्या वस्तीचा जन्मदिवस! ज्या दिवसाला मी रिकामं पोतं म्हणत होतो, त्या दिवशी माझा आजा आणि आईबाप पाठीवरचं ओझं उतरवून या माळावर पहिल्यांदा थांबले होते. तो दिवस रिकामा नव्हता. त्याला विचारायला कुणी आलं नव्हतं. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला, जोशीबुवा. तुम्हाला मी तो दाखवला नाही. आज सांगतो.

मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "आणि हा? हा कधीचा?"

आई म्हणाली, "त्याचं काय सांगू. आमी मेंढरं घिऊन रानात गेलतो. शिवरात झाली, त्याच्या तिसऱ्या दिशी. गारा पडल्या न्हाई का त्या दिशी."

तुम्ही ताडकन उठलात. "गारांचा दिवस!" म्हणालात. "फाल्गुन शुद्ध प्रतिपदा! देशमुखांच्या दत्ताजीचा दिवस!"

आई म्हणाली, "आसंल. आमाला कुठं ठावं. आमच्या सगुणाचा दिवस हाय त्यो."

आणि मग तिनं ते सांगितलं, जे तिनं मलासुद्धा एवढं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. तिला कळा लागलेल्या. माळावर झाड नाही. आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा. माझी आत्या सगुणा, लग्नाच्या वयाची पोर, तिनं आपली घोंगडी आईवर टाकली, वर दुसरी टाकली, आणि घोंगडी वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकं धरून उघड्या डोक्यानं उभी राहिली. मी आत जन्मलो. ती बाहेर गेली. आई म्हणाली, "पोरगं रडलं तसं ती वरनं म्हणली, वयनी, पोरगा का पोरगी? मी म्हणलं पोरगा. म्हणली, बरं झालं. मग काई बोलली न्हाई."

तुम्ही परत खाली बसलात. मग म्हणालात, "त्याच वेळी मी देशमुखांच्या ओसरीवर बसलो होतो. कुंडली मांडायला बोलावलं होतं. आत दत्ताजीराव जन्मले. बाहेर ताशा वाजत होता. कौलांवर गारा वाजत होत्या, आणि देशमुख म्हणाले, बघा बुवा, देवसुद्धा ताशा वाजवतोय. आम्ही सगळे हसलो." तुमचा आवाज खाली आला. "मी इतकी वर्षं सांगत आलो: गारा पडल्या, गहू आडवा झाला, दत्ताजीरावांचा जन्म. माझा दिवस अर्धाच होता रे खंडू. एका दिवसाच्या अंगात किती जागा असते बघ. आणि मी अर्ध्यावर टाळं लावून बसलो होतो."

मी पत्रकवाला माणूस. मला मोठे दिवस ठाऊक होते: लढाया, राज्यारोहणं, कायदे. एकाच सकाळी एका ओसरीवर साखर वाटली जाते आणि हाकेच्या अंतरावर एक पोर घोंगडीची टोकं धरून मरते, आणि दोन्ही घरांत एकेक पोरगा रडतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं. कुणी छापलंच नव्हतं. मी त्या दिवसापासून तारखांकडे निराळ्या डोळ्यांनी बघतो. कुठलीही तिथी कुणी बोलली की मला वाटतं, हिच्या घोंगडीखाली कोण कोण असेल.

पुढच्या फाल्गुन प्रतिपदेला तुम्ही पुन्हा ओढा ओलांडलात. फेरा आमच्या वस्तीवर सुरू केलात आणि देशमुखांच्या दरवाजापुढे संपवलात. "आजच्या दिवशी सगुणा धनगरीण भावजयीवर घोंगडी धरून उभी राहिली, ती गेली. आजच्या दिवशी दत्ताजीराव जन्मले. आजच्या दिवशी खंडू जन्मला." देशमुख बाहेर आले. "बुवा, आमच्या पोराच्या वाढदिवसाला धनगरणीचं मरण कशाला दारात आणता?"

"मी आणलं नाही," तुम्ही म्हणालात. "ते त्याच दिवशी आलंय."

दत्ताजीराव मात्र दरवाजात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही एकाच दिवसाचे, हे दोघांनाही तेव्हाच कळलं. त्यानंतर बाजारात भेटले की ते मान हलवतात.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. मला सांगायचं नाही, पण दिवस सगळा सांगायचा हा तुमचाच नेम आहे.

सरकारांची सालगिरह, म्हणजे आपल्या मुलखाच्या राजाचा वाढदिवस, मुसलमानी चंद्राच्या वर्षानं येते. तुम्ही आणि दर्ग्याचे मुजावर रहीमचाचा दर महिन्याला तळ्याच्या बांधावर बसून चंद्रकोर शोधायचात. त्यांना त्यांचा महिना सुरू करायचा असायचा, तुम्हाला तुमचा पडताळायचा. आधी कुणाला दिसली यावरून दोघं पोरांसारखे भांडायचात. "बुवा, तुम्हारी नजर गई." "चाचा, तुमी ढग बघून चांद म्हणता." मागच्या वर्षी सालगिरह पाडव्यालाच आली होती, गुढ्याही उभ्या आणि सरकारी दिवेही. मधे अधिक महिना आला आणि सालगिरह आपल्या पंचांगात एक महिना मागे सरकली. तुम्ही दोघांनी बांधावरच जमवून पाहिलंत. यंदा ती गारांच्या दिवसावर येणार होती. तुम्ही मला हरखून सांगितलंत, "बघ, पाहुणा किती लांबून चालत चालत आपल्या दिवसात येतोय!"

मी म्हणालो, "पाव्हणा न्हाई, मालक येतोय. संभाळा."

आदल्या दिवशी दवंडी झाली. घरोघर दिवे लावा, शाळेत दुवा म्हणा. दौऱ्यावरचे नायब तहसीलदार मुक्कामाला होते. देशमुखांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "बुवा, उद्या एकच सांगायचं. सरकारांची सालगिरह. बाकीचं परवा सांगा."

तुम्ही म्हणालात, "परवाच्या दिवशी परवाचं असतं, देशमुख."

आणि सकाळी तुम्ही सांगितलंत. चावडीपुढेच सांगितलंत, नायब खुर्चीवर बसलेले असताना. "आज फाल्गुन शुद्ध प्रतिपदा. आजच्या दिवशी गारा पडल्या, उभा गहू गेला, मेंढरं गेली. आजच्या दिवशी सगुणा धनगरीण गेली. आजच्या दिवशी दत्ताजीराव जन्मले. आजच्या दिवशी खंडू जन्मला. आणि यंदा चंद्राच्या वाटेनं आपल्या सरकारांचा जन्मदिवस आजच आलाय. सगळ्यांना आयुष्य लाभो."

नायबांनी दुभाष्याकडे बघितलं. दुभाष्यानं सांगितलं. नायबांचा चेहरा बदलला. धनगरीण पहिली आणि सरकार शेवटी? मेलेल्या मेंढरांच्या मागून?

तुम्हाला खरोखर कळेना ते का चिडले. तेच तर मला अजून सहन होत नाही. तुम्ही हात जोडून समजावत होतात, "साहेब, शेवटचा मान मोठा असतो. फेरा ज्याच्यावर थांबतो ते नाव लोक दिवसभर घेऊन फिरतात. मी सरकारांना शेवटी ठेवलं ते याच्यासाठी." तुमच्या हिशोबानं तुम्ही सरकारला गावातली सगळ्यात वरची पायरी दिली होती. त्यांच्या हिशोबानं तुम्ही त्यांना जोड्यापाशी बसवलं. आणि ज्यांना तुमचा नेम जन्मापासून ठाऊक होता, ते देशमुख शेजारीच उभे होते. एका वाक्यात सांगू शकले असते. त्यांनी खाली बघितलं. नायब परका होता, त्याला काय कळणार. पण देशमुख आपले होते. मी त्यांना जास्त दोषी धरतो. दत्ताजीराव, तुम्हीही वाचत असाल तर वाचा.

"फिर से बोलो. एकच बोलो," असं फर्मान सुटलं. तुम्ही म्हणालात, "आजचा दिवस सांगून झाला साहेब. दिवस दोनदा सांगत नाहीत."

मी मधे पडलो तर मला चावडीच्या खोलीत कोंडलं. खिडकीच्या गजांतून बघत होतो. पागोट्याशिवाय तुमचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं. किती लहान होतं. रहीमचाचा तेवढे पुढे आले. म्हणाले, "साब, चांद तो हम दोनों मिलके देखते. सालगिरह आज है, ये भी इनों ने मेरे साथ बैठ के गिने. बुढ्ढे को बिठाव, धूप लगरी." त्यांना हटवलं. बाकी सगळं गाव होतं तिथे. ज्यांच्या आयांचे, बापांचे, मेलेल्या लेकरांचे दिवस तुम्ही पावसाचिखलात सांगत आलात, ते सगळे होते. कुणी हललं नाही. फक्त ती सून, सड्याचं पाणी गळून गेलेली, ती तांब्या घेऊन आली आणि शिपायाला न विचारता तुमच्या हातात दिला. तुम्ही ते पाणी प्यालात.

त्यानंतर तुमचा फेरा बंद झाला. तुम्ही सकाळी अंगणात तुळशीपुढे उभे राहून हळू आवाजात सांगायचात, भिंतीच्या आत. मी भिंतीबाहेर उभा राहून ऐकायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज बसला. जोशीकाकूंनी मला आत घेतलं. आई तुमच्यासाठी मेंढीचं दूध घेऊन आली होती, आमच्या घरच्या गडव्यात. ती दारात थांबली. तुम्ही हात पुढे केलात. काकूंनी तोंड फिरवून वाती वळायला घेतल्या. तुम्ही सगळं दूध प्यालात, मिशी पुसलीत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आता आत आलास. पाणीपण झालं. आता भांड."

आई गडवा घेऊन गेल्यावर मी भांडलो. राग होता तो सगळा तुमच्यावरच काढला. म्हणालो, "ज्यांनी तुमाला उन्हात उभं केलं त्या सरकारला आयुष्य कावून मागितलं?"

तुम्ही म्हणालात, "त्यालापण आईच असेल की रे. त्या दिवशी ती बाई कळा सोसत होती. मी तिच्यासाठी सांगितलं."

मला ते पटत नाही, जोशीबुवा. राजाला आई असते म्हणून राजा सुटत नाही. हा वाद अर्धा राहिला. पण इतकं मोठं मन मी कुठल्या पत्रकात बघितलं नाही, माझ्या तर नाहीच.

दुसरा वाद कोकरांचा. आठवतो? मी म्हणायचो, आमच्यात माणसं मोजून, मेंढरं लई. कोकरू जन्मलं तरी सांगा. मेंढी व्याली की आमच्या घरात सण असतो. तुम्ही हसून म्हणायचात, "मेंढरांचे जन्म सांगत बसलो तर आजचा फेरा उद्या संपेल, आणि उद्याचा परवा. माणसांपुरतं राहू दे." मी म्हणायचो, "गारांत मेलेली मेंढरं सांगता, जन्मलेली न्हाई. ह्यो कुठला न्याय?" तुम्ही म्हणायचात, "विचार करतो." तुम्ही विचार करायच्या आतच गेलात.

शेवटचं बोलणं माझ्या पत्रकांवरच झालं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रकात मरणच मरण असतं रे. खरं असतं, पण शेवट तिथेच करतोस. वाचणारा तसाच बसून राहतो. शेवटी कुणीतरी जन्माला घाल."

रंगपंचमी होती. गाव रंगात होतं. तुमच्या अंगणात तेवढा रंग नव्हता.

तुम्हाला स्मशानात पोचवून आलो आणि मला तुमचा नेम आठवला. पुढच्या वर्षी रंगपंचमीला कुणीतरी उभं राहील आणि सांगेल, आजच्या दिवशी धोंडभट जोशी गेले. मग? फेरा तिथे थांबवायचा? तुमचाच फेरा? मी उठलो आणि गावभर विचारत सुटलो. आज कुणी जन्मलं का? कुणाच्या घरी? रंगानं माखलेली माणसं माझ्याकडे बघत होती. "सुतकात काय विचारतोस बे?" "आजच कावून?" कुंभारआळीत नाही, सुताराकडे नाही, देशमुखांकडे नाही. रहीमचाचांना विचारलं, ते डोळे पुसत म्हणाले, मोहल्ल्यातही नाही. सिरसाळ्याच्या रस्त्यावर येणाऱ्या गाडीवानालासुद्धा विचारलं. त्या एका दिवशी सगळ्या मुलखात जणू कुणी जन्मलंच नव्हतं. तुम्ही मार्गशीर्ष पंचमीसाठी हिंडलात, मी तुमच्यासाठी हिंडत होतो. फिरून फिरून वस्तीवर आलो, घोंगडीवर बसलो. आईला म्हणालो, "आज कुणीच जन्मलं न्हाई."

ती म्हणाली, "आपल्या काळ्या कानाच्या मेंढीला कोकरू झालंय की सकाळी. तुला सांगायचं ऱ्हायलं."

मी म्हणालो, "मेंढरं धरत न्हाईत बुवा."

आई म्हणाली, "कावून न्हाई धरत? त्यालाबी आईच हाय."

जोशीबुवा, ह्या वादात तुम्ही हरलात. आणि हरलात ते तुमच्याच शब्दांनी, जे माझ्या आईनं तुमच्या तोंडून ऐकलेही नव्हते. मी कोकराजवळ जाऊन बसलो. अजून ओलं होतं. पाय थरथरत होते आणि तरी उभं राहायचा हट्ट. मी त्याला सांगितलं, तू कुणाच्या दिवसाचं आहेस ते.

आता हे पत्रक वाचणाऱ्या, तुझ्याशी शेवटचं बोलतो. पाडवा तोंडावर आलाय. तुझ्याही गावात पारावर माणसं जमतील, जोशी पंचांग वाचेल, पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण. ऐक. पण वाचन झालं की घरी जाऊ नकोस. उभा राहा. सगळ्यांसमोर आपल्या घरातला एक दिवस सांग: त्या दिवशी कोण गेलं ते आधी, मग कोण आलं ते. माणूस नसेल तर वासरू सांग, कोकरू सांग. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून त्या वस्तीवर जा, जिथे तुमच्या गावचा जोशी कधी गेला नाही, दारातल्या बाईला विचार की तुमच्याकडे आज काय झालं होतं, आणि ती जे सांगेल ते परत येऊन चावडीपुढे मोठ्यानं सांग. एका माणसाला उन्हात उभं करता येतं. सगळ्या मुलखानं एकाच सकाळी तोंड उघडलं तर किती पागोटी उतरवणार?

मी पुढच्या रंगपंचमीला सांगणार आहे. ऐकून घे, पाठ कर, आणि तुझा दिवस घेऊन ये.

आजच्या दिवशी धोंडभट जोशी गेले. आजच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, काळ्या कानाच्या मेंढीला, कोकरू झालं. आता तू बोल.